प्रतिनिधी कोणाचा? अप्पासाहेब पंतांची कथा



परदेशी शिकलेल्या एका मुत्सद्द्याचे चरित्र वरळीच्या या मंडपात आमच्यासारख्याने सांगावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेच्या शेवटच्या इयत्तेच्या उंबरठ्यावरच थांबले. पुढचे जे काही झाले ते चाळीच्या वाचनालयात, रात्रीच्या दिव्याखाली. राजदूत, वकिलाती, मेजवान्या यांच्याशी आमचा संबंध कुठला! परंतु तीस वर्षे कामगार संघटनेत काढल्यावर एका शब्दाने आमची पाठ सोडलेली नाही. तो शब्द म्हणजे प्रतिनिधी. मालकासमोर आपण बसतो ते कोणाचे म्हणून? आणि बोलणी आटोपून बाहेर आलो की दारात ताटकळलेल्या माणसांना काय सांगायचे? हा प्रश्न ज्यांच्या घराण्याच्या नावातच होता, अशा माणसाची ही कथा आहे.

छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना प्रतिनिधिपद निर्माण झाले. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या जागी उभा राहणारा. पुढे ते पद परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आले आणि त्यांचे वंशज औंधचे पंतप्रतिनिधी झाले. इंग्रजी अमलात उरले ते बहात्तर गावांचे लहानसे संस्थान, आणि तेही सलग नव्हे. गोधडीच्या ठिगळांसारखे एक तुकडा औंधला, एक कुंडलला, एक आटपाडीच्या माळावर, एक पार विजापूरच्या बाजूला. पण या ठिगळांतच किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि ओगल्यांचा काचकारखानाही. ज्यांच्या गावाकडच्या घरी प्रभाकर कंदील टांगलेला असे, त्यांना ओगलेवाडी सांगायला नको. राजे भवानराव स्वतः चित्रे काढीत, कीर्तने करीत आणि साऱ्या रयतेने सूर्यनमस्कार घालावेत म्हणून हटून बसत. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीला लाख रुपये देऊ करणारे तेच.

त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब १९१२ सालचे. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन ते १९३७ साली परतले. विलायतेहून परतलेल्या राजपुत्रांचे पुढे काय होई ते आपण जाणतो. मोटारी, शिकारी आणि शर्यतींचे घोडे! इथे मात्र उलटा प्रकार घडला. मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश यहुदी इंजिनियर बंगलोरचा मोठ्या पगाराचा कारभार सोडून, भगवी वस्त्रे घालून औंधात येऊन राहिला. त्याने आणि अप्पासाहेबांनी राजेसाहेबांना सुचविले की राज्य रयतेला देऊन टाकावे. राजेसाहेब हो म्हणाले! गांधीजींचा सल्ला घेऊन घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. गावाने आपले पाच पंच निवडायचे, पंचायतींवर तालुक्याची सभा, तिच्यावर संस्थानची विधिसभा. अप्पासाहेब मुख्य प्रधान झाले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचूनचा तुरुंगही निघाला. शांताराम बापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' या प्रयोगावरूनच सुचला. आपल्या परळच्या राजकमलची ही निर्मिती ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक नसेल की ती मूळची औंधची हकीकत.

आता आमच्यातला संघटनेचा माणूस इथे अडतो. दिलेले स्वराज्य आणि घेतलेले स्वराज्य यांत फरक आहे की नाही? त्याच संस्थानातले कुंडल हे बेचाळीसच्या चळवळीनंतर नाना पाटलांच्या पत्री सरकारचे मोठे ठाणे होते. तिथल्या पोरांनी राजाकडे काही मागितले नव्हते. मात्र ज्या राज्याचा राजाच कायद्याने बाजूला झाला आहे तिथे भूमिगतांना थोडा श्वास घेता आला, हेही खरे. १९४८ च्या मार्चात औंध मुंबई इलाख्यात विलीन झाले. नऊ वर्षांचा प्रयोग संपला.

त्याच वर्षी पंडितजींनी अप्पासाहेबांना नैरोबीला भारताचे कमिशनर म्हणून धाडले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, सगळा ब्रिटिश पूर्व आफ्रिका त्यांच्याकडे होता. तिथले हिंदी लोक कसे गेले, ते सांगितले पाहिजे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी बांधला तो मुख्यतः पंजाबातून करारावर नेलेल्या मजुरांकडून. बत्तीस हजारांच्या आसपास माणसे नेली, त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिथेच मेली. सिंहांनी खाल्ल्याच्या गोष्टी पुस्तकांत रंगवून येतात. पण सिंहांनी नेली थोडी, तापाने आणि हगवणीने नेली फार. त्यांच्या मागोमाग दुकानदार गेले. वर गोरा मळेवाला, खाली काळा शेतकरी आणि मध्ये हिंदी दुकान, अशी ती उतरंड झाली. उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखीव, तीत हिंदी माणसालाही मज्जाव.

अप्पासाहेब तिथे गेले ते खरे तर या मधल्या माणसांचे प्रतिनिधी म्हणून. पण पंडितजींचे धोरण असे की आफ्रिका आफ्रिकनांची आहे, हिंदी माणसाने त्यांच्या मागण्यांच्या आड येऊ नये. ते अप्पासाहेबांनी कागदावर ठेवले नाही. ज्या शहरात काळ्या माणसाला चांगल्या हॉटेलात पाय ठेवता येत नसे, तिथे त्यांनी आपल्या घराचे दार आफ्रिकन पुढाऱ्यांना उघडले आणि आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. आपल्याच दुकानदारांना ते आफ्रिकनांशी हातमिळवणी करण्यास सांगत. सगळ्यांना ते रुचले असेल असे नाही. दुकानदाराला प्रतिनिधी हवा असतो तो दुकान सांभाळणारा!

त्याच नैरोबीत आमच्या धंद्यातला एक थोर माणूस होता, माखनसिंग. छापखान्यातला हा शीख तरुण १९३५ पासून तिथे कामगार संघटना बांधीत होता, आणि तीही वर्णाचा भेद न पाळता. १९४० साली तो भारतात असताना इंग्रजांनी त्याला इथे तुरुंगात घातले होते. १९५० च्या एप्रिलात त्याने जाहीर सभेत पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. मे महिन्यात त्याला पकडले, नैरोबीत मोठा संप झाला, आणि माखनसिंग सुटला तो एकदम १९६१ मध्ये. अकरा वर्षे, खटल्यात दोषी न ठरता! आम्ही नव्या पोरांना हे नाव मुद्दाम सांगतो.

१९५२ च्या ऑक्टोबरात केनियात आणीबाणी पुकारली गेली, जोमो केन्याट्टा पकडले गेले. कापेनगुरियाच्या खटल्यात त्यांच्या बचावाला भारतातून दिवाण चमनलाल गेले. हे चमनलाल म्हणजे १९२० साली आपल्या मुंबईत स्थापन झालेल्या आयटकचे पहिले सरचिटणीस. केन्याट्टांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. अप्पासाहेब बंडखोरांना फूस देतात, म्हणून इंग्रजांनी दिल्लीकडे तक्रारी लावल्या, त्यांना हलवा असा धोशा धरला. १९५४ साली त्यांनी नैरोबी सोडली. त्याच साली त्यांना पद्मश्री मिळाली. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला.

इथवर कथा सरळ आहे. पुढची नाही.

१९५५ मध्ये अप्पासाहेब गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर झाले. सिक्कीम, भूतान आणि तिबेटातली भारताची ठाणी त्यांच्याकडे आली. पण १९५४ च्या एप्रिलात दिल्लीने पेकिंगशी करार करून तिबेट हा चीनचा प्रदेश असे लिहून दिले होते, आणि तिबेटातली आपली पहारेकऱ्यांची तुकडी व तारयंत्रणा सोडून दिली होती. ज्याने केनियात रयतेची बाजू घेतली, त्याला इथे आधीच सही झालेल्या कागदाची बाजू सांभाळायची होती. १९५६ साली बुद्धजयंतीनिमित्त दलाई लामा भारतात आले, आणि परत जावे की न जावे या विवंचनेत सापडून शेवटी गेले. १९५८ मध्ये पंडितजी चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, तेव्हा अप्पासाहेब बरोबर होते. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. अप्पासाहेबांचे मन कुठे होते ते त्यांच्या 'अ मोमेंट इन टाइम' या १९७४ च्या पुस्तकात दिसते. खुर्ची कुठे होती ते आपण पाहिलेच.

आम्ही त्यांना दोष देऊ शकत नाही. एका कारखान्यात आम्ही स्वतः असा करार केला आहे, ज्यात कायम कामगारांना वाढ मिळाली आणि कंत्राटी माणसे बाहेर राहिली. सही आमची होती. ती माणसे अजून रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात, आणि आम्हांला घाई असल्याचे सोंग घ्यावे लागते.

पुढची वर्षे भराभर सांगतो. इंडोनेशियात ते राजदूत असताना १९६२ च्या आशियाई खेळांच्या वादात जमावाने भारताच्या वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी त्याच जकार्तात आपल्या फुटबॉल संघाने प्रेक्षकांच्या हुर्योत सुवर्णपदक जिंकले! नंतर नॉर्वे, इजिप्त, लंडन, इटली. फ्रीडमन तिबेटी निर्वासितांच्या कामात राबला आणि १९७६ साली आपल्या मुंबईतच वारला.

अप्पासाहेब १९९२ साली गेले. आम्ही तेव्हा विशी ओलांडलेले. वरळीच्या चाळीत आमच्या मजल्यावर दोन म्हातारे गिरणीकामगार होते, एक औंधचे, एक कुंडलचे. ब्याऐंशीच्या संपाने दोघांची नोकरी गेली होती. बातमी ऐकून औंधच्या काकांचे डोळे भरले. त्यांच्या राजाने राज्य दिले होते, असे ते म्हणाले. "दिलं कसलं? आम्ही घेतलं!" कुंडलचे काका उसळले. भांडण रंगले, काकू बाहेर आल्या, चहा झाला. मग कुंडलचे काका हळूच म्हणाले, "पण पोरगा आफ्रिकेत गोरगरिबांच्या बाजूनं उभा राहिला म्हणतात. खरं का रे?" आम्हांला काही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाचनालयात गेलो.