नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर

नागासाकी म्हटलं की आपल्याला एकच तारीख आठवते. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. शाळेच्या पुस्तकातही हिरोशिमाच्या मागे 'आणि नागासाकी' एवढंच असतं. पण या शहराला त्याआधीचा पावणेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या वसईचा एक माणूस आहे. हे किती वसईकरांना माहीत असेल?

नागासाकी कळतं ते पायी फिरून. तिथल्या बोलीत 'सारुकू' म्हणजे निवांत भटकणं. २००६ साली शहराने याच नावाने मोठा उपक्रम सुरू केला. मंडप नाही, नवी इमारत नाही. शहर हेच प्रदर्शन, आणि वाटाडे म्हणजे तिथलेच प्रशिक्षण घेतलेले रहिवासी. नकाशा घेऊन आपलं आपण फिरा, वाटाड्याबरोबर फिरा किंवा जाणकारांकडून सखोल ऐका, असे तीन प्रकार. गल्लीतल्या माणसाने गल्लीचा इतिहास सांगायचा, ही साधी कल्पना. आपणही त्याच वाटांनी चालू या.

पहिला थांबा निशिझाका टेकडी, रेल्वे स्टेशनपासून अगदी जवळ. इथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं. हुकूम होता जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा. त्यांचे कान कापून, भर हिवाळ्यात क्योटोकडून इथवर शेकडो किलोमीटर चालवत आणलं. नागासाकीत ख्रिस्ती वस्ती मोठी होती, तिला जरब बसावी म्हणून ही जागा. २६ पैकी २० जण जपानी होते. सगळ्यात लहान मुलगा अवघा १२ वर्षांचा.

आणि त्यातले एक गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, साधारण १५५६ चा. वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, पुढे व्यापार केला. नंतर मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि जपानी उत्तम येत असल्यामुळे दुभाषी म्हणून परत जपानला पाठवले गेले. हिदेयोशीशी झालेली बोलणी त्यांच्याच तोंडून झाली. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. टेकडीवर १९६२ साली उभारलेल्या स्मारकात २६ जणांचे ब्राँझचे पुतळे ओळीने उभे आहेत, त्यात हा वसईकर आहे.

आता दुसरी बाजू. नागासाकी बंदर १५७१ साली पोर्तुगीजांना खुलं केलं ते ओमुरा सुमितादा या सरदाराने. तो स्वतः ख्रिस्ती झाला होता, आणि त्याच्या मुलखात बौद्ध देवळं, शिंतो देवस्थानं पाडली गेली, लोकांना बाटवलं गेलं. १५८० मध्ये तर त्याने हे बंदर जेझुइटांच्याच हवाली केलं. हे न सांगता फक्त टेकडीची गोष्ट सांगितली, तर ती अर्धीच राहते.

उतरत खाली बंदराकडे गेलं की देजिमा. १६३४ ते १६३६ मध्ये समुद्रात भर घालून बनवलेलं पंख्याच्या आकाराचं छोटं बेट. पोर्तुगीजांना गावापासून तोडून तिथे ठेवायचं, हा हेतू. बांधायचा खर्च नागासाकीच्या २५ व्यापाऱ्यांनी केला आणि परदेशी भाडेकरूंकडून भाडं घेतलं! पोर्तुगीजांना १६३९ मध्ये हाकललं, १६४१ पासून तिथे डच आले. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपशी थेट व्यापाराचं एवढंच दार जपानने उघडं ठेवलं. वैद्यक, खगोल, वनस्पतिशास्त्र, सगळं याच दारातून आत गेलं. पुढे आजूबाजूचा समुद्र बुजवला आणि देजिमा शहरात हरवून गेलं. मग शहराने १९५१ पासून पन्नास वर्षं लावून तिथली खासगी जागा हळूहळू परत मिळवली, जुन्या इमारती पुन्हा उभ्या केल्या आणि २०१७ मध्ये गावाला जोडणारा पूलही बांधला. महापौर किती आले नि गेले, काम चालू राहिलं.

पुढे दक्षिणेला ओउरा चर्च. परदेशी लोकांसाठी १८६४ मध्ये बांधलेलं, त्या २६ जणांना अर्पण केलेलं आणि निशिझाकाच्या दिशेला तोंड असलेलं. १७ मार्च १८६५ ला उराकामी गावची काही साधी माणसं इथे आली आणि फ्रेंच धर्मगुरूला हळूच म्हणाली की आमचा धर्म तुमचाच. अडीचशे वर्षं बंदी. संशयितांना ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावायचे. आणि तरी पिढ्यानपिढ्या, धर्मगुरू नसताना, घरातल्या घरात त्यांनी ते जपलं होतं. त्याचं बक्षीस काय मिळालं? तीन हजारांहून जास्त लोकांना गावातून हद्दपार केलं, सहाशेच्या वर त्यातच मेले. १८७३ मध्ये बंदी उठली.

शेवटचा थांबा उराकामी. परत आलेल्या लोकांनी गावच्या मुखियाची जागा विकत घेतली. तीच जागा, जिथे त्यांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. तिथे त्यांनी मोठं चर्च बांधलं. १९४५ चा बॉम्ब त्याच्यापासून जेमतेम ५०० मीटरवर फुटला. तिथल्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास गेले.

आणि इथेच एक गोष्ट बघायला मिळत नाही. हिरोशिमाने आपला मोडका घुमट राखला. उराकामीच्या चर्चचे अवशेष मात्र १९५८ मध्ये पाडले गेले आणि पुढच्या वर्षी नवं चर्च झालं. चर्चच्या लोकांना त्याच जागी चर्च हवं होतं, कारण ती जागा त्यांनी छळ सोसून मिळवली होती. अवशेष राखा म्हणणारेही पुष्कळ होते. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. आज भिंतीचा एक तुकडा शांतता उद्यानात नेऊन ठेवलाय, आणि स्फोटात कोसळलेला मनोरा चर्चजवळच्या उतारावर पडलाय. बाकी सगळं फोटोत.

मला या फेरीतून कळलं ते एवढंच. देजिमा बुजवलं तरी परत आणता आलं, कारण पाया जमिनीखाली शाबूत होता. उराकामीची भिंत परत येणार नाही. काय ठेवायचं आणि काय पाडायचं, हे त्या वेळची माणसं घाईत ठरवतात आणि पुढच्या पिढ्यांना तेवढ्यावरच भागवावं लागतं.

आता आपल्या वसईकडे बघा. किल्ला दाखवताना आपण चिमाजी अप्पांचा १७३९ चा विजय सांगतो, सांगायलाच हवा. पोर्तुगीजांनी इथे देवळं पाडली तेही सांगायला हवं. पण याच किल्ल्याच्या गावचा एक मुलगा जपानला गेला, दोन राजवटींमध्ये दुभाषी झाला आणि परक्या टेकडीवर मेला, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? त्यांच्या नावाचं कॉलेज गावात आहे, नाव रोज उच्चारलं जातं, गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

किल्ल्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. झाडांची मुळं त्यात शिरताहेत, दगड सुटताहेत. नागासाकीसारखं महिन्यातून एक रविवार गावच्याच चार जाणत्या माणसांनी लोकांना घेऊन किल्ला फिरायचा, सगळ्या बाजू सांगायच्या, यासाठी कुठला निधी लागतो? कुणी पुढे येणार असेल तर सांगा, मी चालायला तयार आहे.