तारेवरील रेशीम : विद्युतचुंबकाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित टप्पा

विद्युतचुंबकत्वाचा इतिहास पाठ्यपुस्तकांत बहुधा ओर्स्टेड व अँपिअर यांच्यापाशीच थांबतो. प्रवाहवाही वेटोळे चुंबकाप्रमाणे वागते, हे १८२० मध्येच ज्ञात झाले होते. वेढे वाढवून परिणाम वाढविण्याची युक्तीही जर्मनीतील श्वायगर यांनी त्याच वर्षी योजली. तरीही बलवान चुंबक घडविण्यास आणखी दहा वर्षे लागली.

१८२५ मध्ये इंग्लंडमधील विल्यम स्टर्जन यांनी नालाकृती लोखंडावर रोगण लावून उघड्या तांब्याच्या तारेचे १८ वेढे दिले. वेढे एकमेकांना टेकले असते तर प्रवाह आडमार्गाने निघून गेला असता. म्हणून ते विरळ ठेवणे भाग होते. या चुंबकाने ९ पौंड भार उचलला.

अमेरिकेतील ऑल्बनी अकादमीचे अध्यापक जोसेफ हेन्री यांनी लोखंडाऐवजी तारेलाच रेशमाचे आवरण दिले. आता वेढे दाट, थरावर थर देता येऊ लागले. जानेवारी १८३१ च्या निबंधात त्यांनी वर्णिलेल्या २१ पौंडांच्या चुंबकाने ७५० पौंड उचलले.

आकडा डोळे दिपविणारा असला तरी त्याच निबंधातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे मानावे लागेल. एका घटास अनेक आखूड वेटोळी मानवतात, तर अनेक घटांच्या बॅटरीस एकच लांब वेटोळे. दुसऱ्या प्रकारचा चुंबक हजार फुटांहून लांब तारेतूनही कार्य करी. इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी १८२५ मध्ये, २०० फूट तारेतच परिणाम क्षीण होतो असे पाहून, विद्युत तारायंत्र अव्यवहार्य ठरविले होते. हेन्री यांनी ऑल्बनीत सुमारे मैलभर तारेच्या टोकाशी घंटा वाजवून दाखविली.