व्हिक्टोरियन इंग्लंडमधील 'पेटंट' औषधे आणि त्यांची जाहिरात : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द (इ.स. १८३७ ते १९०१) ही रेल्वे, कारखानदारी, शास्त्रीय शोध आणि सार्वजनिक आरोग्यविषयक कायदे यांची कारकीर्द म्हणून ओळखली जाते. याच काळात इंग्लंडमध्ये गुप्त सूत्राने तयार केलेल्या गोळ्या, मलमे, काढे आणि शक्तिवर्धक टॉनिके यांचा व्यापार अभूतपूर्व प्रमाणात वाढला. पित्त, अशक्तपणा, खोकला, क्षय, निद्रानाश अशा परस्परांशी संबंध नसलेल्या विकारांवर एकच औषध गुणकारी असल्याचे दावे त्यांच्या जाहिरातींत उघडपणे केले जात. या व्यापाराचे स्पष्टीकरण सामान्यतः 'भोंदू विक्रेता व भोळा ग्राहक' असे दिले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे असून शासन, वृत्तपत्रे आणि वैद्यक व्यवसाय यांच्या तत्कालीन परिस्थितीने हा व्यापार घडविला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'पेटंट' हा शब्द आणि सरकारी मुद्रांक :

'पेटंट औषध' ही संज्ञाच मुळात दिशाभूल करणारी होती. पेटंट घ्यावयाचे तर सूत्र जाहीर करावे लागते. या औषधांचे सारे मूल्य तर सूत्र गुप्त ठेवण्यात होते. त्यामुळे बहुतेक औषधांचे पेटंट कधीच घेतले गेले नव्हते. इ.स. १७८३ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा औषधांवर मुद्रांक शुल्क बसविले व १८१२ च्या कायद्याने त्याची पुनर्रचना झाली. एक शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनी शुल्क असे. त्यामुळेच 'एक शिलिंग दीड पेनी' ही या औषधांची जणू ठरलेली किंमत झाली.

हे शुल्क केवळ महसुलासाठी होते. औषधाची कोणतीही तपासणी सरकार करीत नसे. परंतु वेष्टनावरील सरकारी मुद्रांक पाहून ग्राहकाचा समज निराळा होई, आणि विक्रेते तो समज जोपासत. पुढे हा मुद्रांक म्हणजे शासनाची हमी नव्हे, असे त्या मुद्रांकावरच छापण्याची वेळ सरकारवर आली. शासनाला मिळणारा महसूल हा नियंत्रणाच्या मार्गातील एक अडसर होता.

रुग्णापुढील पर्याय :

ग्राहक भोळा होता असे म्हणण्यापूर्वी त्याच्यापुढे कोणते पर्याय होते, हे पाहणे आवश्यक आहे. डॉक्टरांची अधिकृत नोंदणी १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने सुरू झाली. डॉक्टरची फी कामगार कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. शिवाय शतकाच्या पूर्वार्धात पदवीधर डॉक्टरही रक्त काढणे, पाऱ्याची औषधे देणे, तीव्र रेचक देणे असेच उपचार करीत. अशा वेळी घराजवळच्या दुकानात मिळणारी, एकदाच पैसे देऊन आणता येणारी गोळ्यांची डबी हा गरिबाच्या दृष्टीने अविचारी पर्याय नव्हता. १८२५ पासून 'वनस्पतिजन्य सार्वत्रिक गोळ्या' विकणाऱ्या जेम्स मॉरिसन याने तर डॉक्टरांच्या खनिज औषधांवरील लोकांच्या अविश्वासावरच आपला व्यापार उभा केला.

वृत्तपत्रे आणि जाहिरातीचे तंत्र :

टॉमस हॉलोवे (१८००-१८८३) याने १८३७ मध्ये मलम आणि त्यानंतर लवकरच गोळ्या विकण्यास प्रारंभ केला. आरंभी वृत्तपत्रांची बिले थकल्यामुळे त्याला कर्जदारांच्या तुरुंगात जावे लागले. तरीही जाहिरातीवरील त्याची श्रद्धा ढळली नाही. १८४२ च्या सुमारास तो वर्षाला ५,००० पौंड जाहिरातीवर खर्च करीत होता. १८५१ पर्यंत हा आकडा २०,००० पौंडांवर आणि त्याच्या मृत्यूसमयी सुमारे ५०,००० पौंडांवर गेला. त्याच्या संपत्तीतून उभे राहिलेले स्त्रियांचे महाविद्यालय १८८६ मध्ये स्वतः राणीच्या हस्ते सुरू झाले. आज ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे.

याच काळात जाहिरातींवरील कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरील मुद्रांक शुल्क १८५५ मध्ये आणि कागदावरील शुल्क १८६१ मध्ये रद्द झाले. वृत्तपत्रे स्वस्त झाली, वाचकवर्ग वाढला. स्वस्त वृत्तपत्राचा खर्च भागविण्यासाठी जाहिरातीच्या उत्पन्नाची गरजही वाढली, आणि औषधविक्रेते हे सर्वांत खात्रीचे जाहिरातदार होते.

लहानपणी मेंढ्या राखणाऱ्या टॉमस बीचम याने १८५९ मध्ये सेंट हेलेन्स येथे गोळ्यांचा व्यवसाय मांडला. 'एका डबीचे मोल एक गिनी' हे त्याचे घोषवाक्य होते. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डबी मिळे एक शिलिंग दीड पेनीला. १८९० नंतर इंग्लंडमध्ये खपलेल्या 'डॉ. विल्यम्स' यांच्या गुलाबी गोळ्यांनी आणखी एक तंत्र रूढ केले. रोगमुक्त व्यक्तीची हकिकत स्थानिक बातमीच्या थाटात छापली जाई. बातमी कोठे संपते आणि जाहिरात कोठे सुरू होते, हे वाचकाला कळू नये अशीच तिची रचना असे.

घटकद्रव्ये : निरुपद्रवी आणि घातक :

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने या औषधांचे रासायनिक पृथक्करण करून १९०९ मध्ये 'सीक्रेट रेमेडीज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. बीचमच्या गोळ्यांत काळाबोळ म्हणजे कोरफडीचा सुकविलेला रस, सुंठ आणि साबण आढळले. ५६ गोळ्यांच्या घटकद्रव्यांचा खर्च सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग, होता. विक्रीची किंमत साडेतेरा पेनी धरली तर ती या खर्चाच्या १०८ पट होते. त्या गोळ्या रेचक म्हणून मात्र उपयोगी पडत. गुलाबी गोळ्यांत लोह असल्याने पंडुरोगाने फिकट झालेल्या तरुणींना काही गुण येणे शक्य होते. अनेक टॉनिक वाईन मात्र मुळात गोड मद्यच होत्या, आणि आजाऱ्याचे टॉनिक म्हणून त्या सभ्य घरांत प्रवेश मिळवीत.

अफूयुक्त औषधांची गोष्ट याहून गंभीर होती. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे अफू व काकवीचे मिश्रण तान्ह्या मुलांना शांत ठेवण्यासाठी दिले जाई. आई कारखान्यात आणि मूल दुसऱ्याच्या सांभाळात, अशा औद्योगिक शहरांत त्याचा खप मोठा होता. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. गुंगीत राहिलेले मूल दूध मागत नाही, खंगत जाते. त्यामुळे अशा अनेक मृत्यूंची नोंद विषबाधा म्हणून न होता अशक्तता म्हणून होणे स्वाभाविक होते. मुंबईच्या गिरणगावातही कामगार स्त्रिया मुलांना अफूच्या 'बाळागोळ्या' देत असल्याचे १९२० च्या दशकातील पाहण्यांतून पुढे आले. परिस्थिती सारखी असेल तर उपायही सारखाच निघतो, हे यावरून दिसते.

भारताशी थेट नाते असलेले औषध म्हणजे क्लोरोडाइन. लष्करी डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन याने भारतात सेवेत असताना १८४८ मध्ये पटकीवरील उपचारासाठी ते तयार केले. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. वेदना व जुलाब त्याने खरोखरच थांबत. पण त्याचे व्यसनही लागे. १८६८ च्या फार्मसी कायद्याने विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधने आणली, परंतु पेटंट औषधांना त्यातून सूट दिली. ही सूट केवळ खऱ्या पेटंटधारक औषधांनाच आहे, हा अर्थ न्यायालयांनी लावण्यास १८९० चे दशक उजाडावे लागले.

न्यायालय आणि संसद :

जाहिरातीतील वचन बंधनकारक असते काय, हा प्रश्न कार्बोलिक स्मोक बॉल खटल्यात उभा राहिला. हे उपकरण सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास १०० पौंड देऊ आणि त्यासाठी १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत, अशी जाहिरात कंपनीने १८९१ मध्ये दिली होती. लुइझा कार्लिल यांना उपकरण वापरूनही जानेवारी १८९२ मध्ये इन्फ्लुएंझा झाला. जाहिरात ही केवळ विक्रेत्याची अतिशयोक्ती होती, हा कंपनीचा बचाव अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये फेटाळला. भारतातील विधी महाविद्यालयांत करार कायदा शिकविताना हा खटला आजही आवर्जून अभ्यासला जातो. येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागेल : न्यायालयाने पैशाचे वचन पाळावयास लावले, औषधाच्या गुणाचा खोटा दावा मात्र त्याने थांबला नाही. कंपनीने पुढे अटी वाढवून २०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले.

संसदेच्या निवड समितीने १९१२ ते १९१४ या काळात चौकशी केली. तिचा अहवाल ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्धाच्या प्रारंभीच आला आणि मागे पडला. घटकद्रव्ये जाहीर करण्याचे बंधन व मुद्रांक शुल्काची समाप्ती या दोन्ही गोष्टी १९४१ च्या कायद्याने घडल्या.

निष्कर्ष :

१. व्हिक्टोरियन पेटंट औषधांचा प्रसार हा केवळ लोकांच्या अज्ञानाचा परिणाम नव्हता. महाग आणि अपुरी वैद्यकीय सेवा हे त्याचे प्रमुख कारण होते.

२. महसुलामुळे शासन आणि जाहिरातीच्या उत्पन्नामुळे वृत्तपत्रे या व्यापाराचे अप्रत्यक्ष भागीदार बनली. ज्यांनी लोकांना सावध करावयाचे, त्यांचेच हित मौनात होते.

३. सर्वच औषधे निरुपयोगी नव्हती. थोडा गुण येत असल्यामुळेच मोठ्या खोट्या दाव्यांवर विश्वास बसत असे.

४. घटकद्रव्ये जाणून घेण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य होण्यास मुद्रांक शुल्कानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली.

स्वतंत्र भारताने औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ मध्ये कायदा केला, आणि अशा जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना खटल्यात म्हटले. कायदा आवश्यक आहेच. परंतु डॉक्टरची फी परवडत नाही तोवर दुकानातील बाटलीकडे हात जाणारच, हा व्हिक्टोरियन इंग्लंडच्या अनुभवाचा बोध दुर्लक्षिता येत नाही.