घरासाठी ट्रेडमिल घेताय? स्क्रीन नंतर बघा, आधी हे 6 मुद्दे तपासा

दोन वर्षांपूर्वी बाबांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पावसाळ्यात बाहेर जाणं जमेना, म्हणून मी ऑनलाइन सेलमध्ये ट्रेडमिल मागवली. मोठी स्क्रीन, स्पीकर, ॲप आणि वर ठळक ‘4 एचपी’! बाबांचं वजन 94 किलो. महिनाभरातच पंधरा मिनिटं चाललं की मोटर तापून मशीन बंद पडायचं. शेवटी बाबांनी चालणंच सोडलं आणि ट्रेडमिलवर टॉवेल वाळायला लागले. माझी चूक साधी होती: मी फोन निवडतो तशी ट्रेडमिल निवडली. तुमचं असं होऊ नये म्हणून हे मुद्दे.

1. मोटर: ‘पीक’ की ‘कंटिन्युअस’?
जाहिरातीत बहुतेक वेळा पीक एचपी लिहितात, म्हणजे मोटर क्षणभर देऊ शकेल ती ताकद. तुम्हाला हवा कंटिन्युअस एचपी, म्हणजे सतत मिळणारी ताकद. सोपा हिशोब बघा. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे 4 एचपीला जवळपास 3,000 वॅट लागतील. घरातल्या 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटमधून 230 व्होल्टला जास्तीत जास्त 1,380 वॅट मिळतात. मग छोट्या प्लगचं मशीन सतत 4 एचपी देणार कुठून? चालण्यासाठी साधारण 1.5 ते 2 आणि नियमित धावण्यासाठी 2.5 किंवा जास्त कंटिन्युअस एचपी बघा.

2. वजनाची मर्यादा
घरात सर्वांत जास्त वजन ज्याचं आहे, त्यापेक्षा निदान 20 किलो जास्त मर्यादा असलेलं मशीन घ्या. आमच्या मशीनची मर्यादा 100 किलो होती. कागदावर बाबा बसत होते, पण मोटर रोज काठावर चालत होती.

3. पट्ट्याची लांबी
चालायला साधारण 110 ते 120 सेमी लांब आणि 40 सेमी रुंद पट्टा पुरतो. धावायचं असेल तर 130 सेमीपेक्षा लांब आणि 45 सेमीच्या आसपास रुंद हवा. उंच माणसाची ढांग मोठी असते, त्यामुळे आखूड पट्ट्यावर तो बिचकत चालतो.

4. जागा आणि वीज
फोल्ड होणारी ट्रेडमिलसुद्धा वापरताना पूर्ण जागा घेते. पडलात तर भिंतीवर आपटू नये म्हणून मागे साधारण 2 मीटर मोकळे ठेवा. एक्स्टेंशन बोर्ड नको. अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच थेट प्लग लावा. फ्लॅट असेल तर खाली जाड रबरी मॅट टाका, खालचे काका-काकू दुवा देतील.

5. सेफ्टी की
दोरीची क्लिप कपड्याला लावायची. माणूस घसरला की की निघते आणि पट्टा थांबतो. घरात लहान मुलं असतील तर वापर झाल्यावर की काढून ठेवा आणि प्लगही काढा. 2021 मध्ये एका मुलाचा मृत्यू झाल्यानंतर पेलोटन कंपनीने अमेरिकेत ‘ट्रेड प्लस’ ट्रेडमिल परत मागवल्या होत्या.

6. ॲप आणि सर्व्हिस
फक्त कंपनीच्या ॲपवर चालणारं ब्लूटूथ असेल तर ॲप बंद पडलं की ती सोय संपली. ‘एफटीएमएस’ हे ब्लूटूथचं सामायिक स्टँडर्ड आहे. ते असेल तर दुसरी फिटनेस ॲप्सही मशीनशी जोडता येतात. पण त्याआधी तुमच्या गावात सर्व्हिसवाला येतो का, ते विचारा. पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल कधी टाकायचं, तेही समजून घ्या.

मी शेवटी काय केलं?
दुसऱ्या वेळी बाबांना त्यांचे रोजचे बूट घालून दुकानात नेलं आणि वीस मिनिटं चालवलं. घेतलेल्या मशीनला साधा आकड्यांचा डिस्प्ले आहे, पण मोटर दमदार आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. बाबा आता जुनी गाणी लावून तेवढं आरामात चालतात. टॉवेल परत गॅलरीत गेलेत!