राजव्यक्तिचित्रे आणि वऱ्हाड

राजे, राण्या व राजघराण्यातील व्यक्ती यांची कॅमेऱ्याने घेतलेली, आणि प्रजेत प्रसृत व्हावी या हेतूने छापलेली वा कोरलेली चित्रे. सिंहासनाधिष्ठित व्यक्तीचा चेहरा सर्वसामान्य प्रजाजनाने घरबसल्या पाहावा, ही गोष्ट छायाचित्रणाच्या शोधापूर्वी जवळजवळ अशक्य होती. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती शक्य झाली आणि तेथून वसाहतींत पसरली. वऱ्हाडात, म्हणजे मुख्यत्वे अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा या जिल्ह्यांच्या प्रदेशात, या प्रकाराला एक वेगळाच अर्थ प्राप्त झाला. येथील कायदेशीर सार्वभौम हैदराबादचा निजाम होता, प्रत्यक्ष सत्ता इंग्रजांची होती आणि बाजारात मिळणारा राजाचा चेहरा मात्र लंडनच्या राणीचा होता. राजा कोण, या प्रश्नाचे उत्तर दप्तरात एक आणि भिंतीवर दुसरे, अशी ही स्थिती सुमारे शंभर वर्षे टिकली.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला. व्हिक्टोरिया राणी (कार. १८३७–१९०१) व तिचा पती प्रिन्स अल्बर्ट यांनी या नव्या कलेत आरंभापासून रस घेतला, अल्बर्टचे छायाचित्र १८४२ मध्येच घेतले गेले होते. परंतु पहिली अठरा वर्षे ही चित्रे राजवाड्याच्या खाजगी संग्रहातच राहिली. फ्रान्समध्ये दिस्देरीने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे स्वामित्व मिळविले. भेटकार्डाच्या आकाराचे हे चित्र सुमारे सहा सेंमी. रुंद व नऊ सेंमी. उंच असे. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले हे चित्र स्वस्त असल्याने त्याचा झपाट्याने प्रसार झाला. लंडनमधील जे. ई. मेयॉल या व्यावसायिकाने १८६० मध्ये राणी व तिच्या कुटुंबीयांची अशी चित्रे विक्रीस काढली. राजदर्शन हा प्रथमच दुकानातील माल झाला. पुढील वर्षी अल्बर्टचे निधन झाले; त्यानंतरची शोकवस्त्रातील विधवा राणी हीच तिची जगभर परिचित झालेली मूर्ती होय. या चित्रांत मुकुटापेक्षा गृहिणीपणावर भर आहे. प्रजेला आपलीशी वाटेल अशी राणी घडविण्यात राजनीतिज्ञांपेक्षा छायाचित्रकारांचा वाटा अधिक होता, असे म्हणण्यास जागा आहे.

याच सुमारास लंडनमध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी ही संस्था स्थापन झाली (१८५६). राष्ट्राच्या इतिहासातील थोर व्यक्तींची चित्रे एकत्र पाहावयास मिळावीत, हा तिचा हेतू होता. १८९६ मध्ये ती सेंट मार्टिन्स प्लेस येथील आजच्या वास्तूत आली. अलेक्झांडर बासानो व लाफायेत यांच्यासारख्या लंडनमधील चित्रगृहांची काम इतके मोठे होते की, त्यांच्या काचपट्ट्या आज या संस्थेत व व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये स्वतंत्र संग्रह म्हणून जतन केल्या आहेत. दरबार, राज्यारोहण व ज्युबिली यांच्या निमित्ताने विलायतेस जाणारे हिंदी संस्थानिक लाफायेतच्या कॅमेऱ्यापुढे बसत. त्यांची जडजवाहिरे व फेटे यांमुळे लंडनच्या प्रेक्षकांना ती चित्रे फार आवडत.

पश्चिम भारतात छायाचित्रणाचे केंद्र मुंबई होते. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या नामवंत हिंदी छायाचित्रकारांपैकी एक होत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग निघाला व त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. हे गृहस्थ पुढे बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे प्रतिनिधी म्हणून लंडनला गेले आणि तेथे त्यांनी भगवद्‌गीतेवरील विवरण प्रसिद्ध केले. छायाचित्रकाराने राजाचा वकील व्हावे, हा योगायोग त्या काळाला शोभणारा आहे. त्या वेळची ओल्या काचेची पद्धत कष्टाची होती. काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असेपर्यंतच चित्र घ्यावे व धुवावे लागे. कोरड्या, उष्ण हवेत तो थर फार लवकर वाळे. शुष्क काचपट्ट्या आल्यावरच जिल्ह्याच्या गावी चित्रगृह चालविणे सोईचे झाले.

वऱ्हाडातील सामान्य माणसाने पाहिलेली पहिली राजप्रतिमा मात्र छायाचित्रातली नव्हती. ती रुपयावरची होती. निजामाच्या हाली शिक्का रुपयावर राजाचा मुखवटा नसे. तेथे अक्षरे असत आणि विसाव्या शतकात चारमिनारचे चित्र आले. इस्लामी परंपरेतील नाण्यांवर राजाचे नाव हीच राजाची खूण होती. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी व थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. या तहाने सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले व खर्च वजा जाता उरणारी रक्कम त्याला द्यावयाची होती. पुढे पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती व पश्चिम वऱ्हाडचे अकोला झाले. इंग्रजी व्यवस्थेबरोबर सारा भरण्यासाठी कंपनीचा व नंतर राणीचा रुपया प्रचारात आला आणि त्याला ‘राणीछाप’ हे नाव मिळाले. व्यवहारातून उठल्यावरही तो चांदीच्या शुद्धतेसाठी जपून ठेवला जाई, दागिन्यांत ओवला जाई. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १८६२ मध्ये हिंदी नाण्यावर आलेला मुकुटधारी तरुण चेहरा १९०१ पर्यंत जवळजवळ तसाच राहिला. इंग्लंडमधील नाण्यांवर राणी १८८७ व १८९३ मध्ये वयाने वाढली. हिंदुस्थानात ती वाढली नाही. छायाचित्रातील वृद्ध विधवा व रुपयावरील तरुणी ही एकच व्यक्ती आहे, हे खेड्यातील माणसाला सांगितल्यावाचून कळणे कठीण होते.

कागदावरील राजचित्रे वऱ्हाडात आली ती कापसाच्या वाटेने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव आला. भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. अकोला, अमरावती व खामगाव येथून रुईच्या गाठी मुंबईमार्गे लिव्हरपूलला जात आणि विलायती कापड परत येई. त्या कापडाच्या ताग्यांवर चिकटविलेल्या रंगीत छापील तिकिटांवर देवदेवता, हत्ती, वाघ यांबरोबर राणी व राजपुत्रही असत. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईत निघाल्यावर लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोचल्या.

निजामाच्या बाजूने वऱ्हाड परत मिळविण्याचा मोठा प्रयत्न पहिले सालारजंग (१८२९–८३) यांनी केला. ते १८५३ च्या तहानंतर काही दिवसांतच दिवाण झाले होते. १८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय पदवी दिली, लंडन शहराने नागरिकत्वाचा मान दिला, मेजवान्या झाल्या. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला राणीला सम्राज्ञीपद जाहीर करणारा दरबार भरला. त्याला दहा वर्षांचा बाल निजाम मीर मेहबूब अली खान (कार. १८६९–१९११) सालारजंगांसह उपस्थित होता. वऱ्हाडचा कायदेशीर राजा दुसऱ्या राजाच्या मंडपात बसलेला, हे त्या दरबाराचे दृश्य होते.

१८९७ हे वर्ष राजचित्रांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राणीच्या राज्याला साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताचे अधिकृत छायाचित्र डब्ल्यू. अँड डी. डाउनी या चित्रगृहाने १८९३ मध्ये घेतलेले होते. त्यावरील स्वामित्वहक्क मुद्दाम सोडण्यात आल्यामुळे ते डबे, थाळ्या, कापड अशा वाटेल त्या वस्तूंवर छापले गेले. महाराष्ट्रात मात्र तो दुष्काळाचा व प्लेगचा काळ होता. २२ जून १८९७ रोजी, ज्युबिलीच्या रात्रीच, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आणि डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे होते. राणीचा चेहरा घराघरात पोचला त्याच वर्षी तिच्या राज्याविरुद्ध बोलणारी सभा वऱ्हाडच्या मुख्य गावी भरावी, यावरून त्या चित्रांच्या प्रभावाची मर्यादाही कळते.

निजामाच्या दरबारातील राजचित्रण लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या हाती होते. ते मूळचे मीरत जिल्ह्यातील सरधना येथील. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले व तेथे छायाचित्रणाकडे वळले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५–७६ मधील दौऱ्याची छायाचित्रे त्यांनी घेतली. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९४ मध्ये त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. सिकंदराबाद व मुंबई येथील त्यांच्या चित्रगृहांत संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी सारख्याच तत्परतेने येत. त्यांच्या चित्रांत आकृतींची मांडणी अभियंत्याला साजेशी काटेकोर आहे. प्रकाश सौम्य आहे व चेहऱ्यावर लाचारी क्वचितच दिसते. तत्कालीन विलायती चित्रगृहांच्या कामापेक्षा ते कोठेही उणे नाही.

त्यांचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र एप्रिल १९०२ मधील आहे. मारलेल्या वाघाजवळ व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन व लेडी कर्झन उभे आहेत. शिकारीचे चित्र म्हणून ते असंख्य पुस्तकांत छापले गेले. पण कर्झन त्या वेळी हैदराबाद संस्थानात केवळ शिकारीसाठी आले नव्हते. ३० मार्च १९०२ रोजी त्यांची व मेहबूब अली खानांची वऱ्हाडसंबंधी खाजगी भेट झाली होती. तीत निजामाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने देण्यास मान्यता दिली. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरला. निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा एकदा कागदावर मान्य करण्यात आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. दिल्ली दरबारात निजामाला जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हा ‘गेव्ह कर्झन बेरार’ (कर्झनला वऱ्हाड दिले) असा त्या अक्षरांचा अर्थ लोकांनी लावला. ज्यांच्या भूमीविषयी हा व्यवहार झाला, त्या वऱ्हाडी रयतेला कोणी विचारले नव्हते.

वऱ्हाडातील सुशिक्षितांचा लंडनशी संबंध याहून निराळा होता. अमरावतीचे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर १८९० मध्ये राष्ट्रीय सभेच्या शिष्टमंडळातून इंग्लंडला गेले. दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे खटपट करण्यासाठी गेले व १९१० पर्यंत तेथे राहिले. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून बॅरिस्टर होऊन परतले आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था काढल्या. राजवाडे व चित्रशाळा पाहण्याची हौस या मंडळींना नसेल असे नाही. पण त्यांच्या दृष्टीने लंडन हे मुख्यतः दाद मागण्याचे व विद्या मिळविण्याचे ठिकाण होते.

सातव्या एडवर्डचे नाव अमरावतीत १९२३ मध्ये निघालेल्या किंग एडवर्ड महाविद्यालयामुळे राहिले; स्वातंत्र्यानंतर ते विदर्भ महाविद्यालय झाले. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाने मात्र खळबळ उडविली. राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार होऊन तो रुपया परत घ्यावा लागला व १९१२ पासून आकृती सुधारण्यात आली. राजप्रतिमा ही प्रजा बारकाईने पाहते, याचा हा पुरावा होय.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये ती मागणी फेटाळताना, कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही, असे स्पष्ट केले. वऱ्हाडातील लोकमतही निजामी अंमलाखाली परत जाण्यास प्रतिकूल होते. ऑक्टोबर १९३६ मध्ये नवा करार झाला. त्याने कारभार इंग्रजांकडेच ठेवला. निजामाला ‘हैदराबाद व बेरारचा निजाम’ हा किताब, वऱ्हाडात आपला ध्वज लावण्याचा हक्क व त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हे बिरुद मिळाले. या बिरुदात प्रिन्स ऑफ वेल्सची छाया उघड आहे. तेव्हा गादीवर आठवा एडवर्ड होता. डिसेंबरात त्याने राजत्याग केला, आणि त्याची प्रतिमा ब्रिटिश हिंदुस्थानच्या एकाही चलनी नाण्यावर आली नाही.

हे बिरुद धारण करणारे आझम जाह (१९०७–७०) यांचा विवाह १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे अखेरच्या खलिफाची कन्या दुर्रुशेहवार (१९१४–२००६) हिच्याशी झाला होता. १९३७ मधील सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणास उभयता लंडनमध्ये उपस्थित होती. युरोपीय वृत्तपत्रांनी या उंच, रेखीव राजकन्येची चित्रे हौसेने छापली व त्यांखाली ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ असे लिहिले. अशा रीतीने अमरावती-अकोल्याच्या प्रदेशाचे नाव विलायती वाचकांच्या डोळ्यांपुढे आले ते कापसाच्या बाजारभावानंतर याच चित्रांमुळे. वऱ्हाडवर या युवराजाने एक दिवसही राज्य केले नाही.

१९४७ मध्ये इंग्रजांचे सर्वाधिपत्य संपताच वऱ्हाडचे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी ८ ऑगस्टला मराठी भाषिक नेत्यांत संयुक्त महाराष्ट्र व विदर्भ यांविषयीचा अकोला करार झाला. त्यात निजामाला स्थान नव्हते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हैदराबादचा दावा निकालात निघाला. वऱ्हाड १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. उस्मान अली खानांच्या मृत्यूनंतर (१९६७) निजामपदाचा मानही आझम जाह यांना मिळाला नाही. तो त्यांचे पुत्र मुकर्रम जाह यांच्याकडे गेला. दीनदयाळ यांच्या हजारो काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. दुर्रुशेहवार यांचे निधन लंडनमध्ये झाले व तेथून जवळच ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.