ऑर्कुटची चावडी

जानेवारी २००४मध्ये गुगलनं ऑर्कुट सुरू केलं. परभणीत ते आम्हाला सायबर कॅफेत भेटलं. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, 'फॅन' ही सोय गुगलची. कम्युनिट्यांत जीव ओतला तो पोरांनी. गावाच्या, कॉलेजच्या नावानं चावडी उघडायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी भांडायचं! ३० सप्टेंबर २०१४ला शटर पडलं. स्वतःचे फोटो उतरवून घ्यायला मुदत मिळाली. सार्वजनिक कम्युनिट्या काही काळ नुसत्या वाचायला ठेवल्या, पुढं त्याही काढल्या. ती भांडणं कुणा एकाची नव्हतीच, मग जपणार कोण? १९९६च्या गणेशोत्सवात सुरू झालेली 'मायबोली' मात्र अजून चालू आहे. माझ्या मते फरक एवढाच, की तिथला सर्व्हर गप्पा मारणाऱ्यांपैकीच कुणाच्या तरी हातात होता.