उचलेगिरी : हव्यास, गरज की आजार?

लग्नसराईत जालन्यातील मोठ्या कापड दुकानात एकाच वेळी चार-पाच घरांचे बस्ते सुरू असतात. एकेका बस्त्यासोबत पंधरा-वीस माणसे, गादीवर साड्यांचे ढीग, चहाचे कप, कंटाळलेली मुले आणि भावाची घासाघीस. अशा गर्दीत एखादी साडी घडीसकट नाहीशी होते आणि ती गेल्याचे रात्री माल पुन्हा रचताना लक्षात येते. कुलूप तुटलेले नसते, गल्ल्याला हात लागलेला नसतो आणि संशय घ्यावा तर दिवसभरात येऊन गेलेल्या सगळ्यांवरच घ्यावा लागतो. मराठीत या प्रकाराला उचलेगिरी म्हणतात. ‘शॉपलिफ्टिंग’ हा शब्द मॉलसोबत आला. प्रकार मात्र आठवडी बाजाराइतकाच जुना आहे.

घरफोडी करणारा चोर म्हणून येतो, उचलेगिरी करणारा ग्राहक म्हणून येतो. दुकानदाराची खरी पंचाईत येथेच होते. ग्राहकाचा पाहुणचार करावा की त्याच्या हाताकडे पाहावे, हे त्याला एकाच क्षणी ठरवावे लागते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा येथील किराणा दुकानात माल दुकानदाराच्या पाठीशी असे आणि ग्राहक ओट्याशी उभा राहून यादी वाचत असे. आता शहरातच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही हातात टोपली घेऊन स्वतः माल निवडण्याची दुकाने निघाली आहेत. ग्राहकाने वस्तू हाताळावी, तिचा मोह पडावा आणि विक्री वाढावी, हाच या मांडणीचा हेतू असतो. तोच मोह पैसे न देता वस्तू नेण्याचाही होतो, ही या व्यापाराची अंगभूत किंमत आहे. पॅरिसमधील ‘बॉन मार्शे’सारखी भव्य दुकाने एकोणिसाव्या शतकात उभी राहिली, तेव्हा फ्रान्सला हाच अनुभव आला. एमिल झोला यांनी १८८३ मध्ये अशाच एका दुकानावर लिहिलेल्या कादंबरीत खानदानी घराण्यातील स्त्री लेस चोरताना पकडली जाते.

उचलेगिरी करणारे सगळे एका जातकुळीचे नसतात. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मेरी ओवेन कॅमेरॉन यांनी शिकागोतील दुकानांच्या नोंदी अभ्यासून १९६४ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दोन ठळक गट पाडले. एक विकण्यासाठी चोरणाऱ्या धंदेवाईकांचा आणि दुसरा स्वतःच्या वापरासाठी लहानसहान वस्तू उचलणाऱ्या हौशी मंडळींचा. दुसरा गट कितीतरी मोठा होता. त्यातील बहुतेक जण एरवी प्रतिष्ठित आयुष्य जगणारे होते आणि एकदा पकडले गेल्यावर त्यातील बरेच पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. आपण स्वतः चोर आहोत, हा विचारच त्यांना प्रथम त्या क्षणी शिवला होता. पुढे शिक्षेचा विचार करताना हे निरीक्षण फार उपयोगी पडते.

धंदेवाईक टोळ्यांची रीत आपल्याकडील सराफांना आणि कापड व्यापाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. दोघी-तिघी एकत्र येतात, एक जण बोलण्यात गुंतवते, दुसरी आणखी डबे काढायला लावते आणि तिसरीच्या ओच्यात किंवा पिशवीत वस्तू जाते. कधी खऱ्या दागिन्याच्या जागी खोटा ठेवला जातो. येथे मानसशास्त्राची फारशी गरज नाही. तो धंदाच आहे आणि त्याचा बंदोबस्तही तसाच व्हायला हवा.

का चोरतात?

गरिबीमुळे, हे पहिले उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. ते अपुरे आहे. अमेरिकेत हजारो लोकांच्या मुलाखतींवर आधारित एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधीतरी दुकानातून वस्तू उचलल्याचे सुमारे ११ टक्के लोकांनी कबूल केले आणि त्यात महाविद्यालयापर्यंत शिकलेल्यांचे व बऱ्या उत्पन्नाच्या लोकांचे प्रमाण अधिक आढळले. अमेरिकेचे आकडे जालन्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. तरीही खिशात पैसे असलेला माणूस चोरणार नाही, हा समज त्यातून निश्चितच ढासळतो.

भुकेपोटी होणारी चोरी मात्र खोटी नाही. दुधाच्या पावडरीचा डबा, तेलाची पिशवी, मुलाचे औषध अशा वस्तू कोणी हौसेने उचलत नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये चार युरोंचे चीज व सॉसेज उचलणाऱ्या बेघर माणसाला निर्दोष ठरवले. तातडीची भूक भागवण्यासाठी थोडे अन्न घेणे हा गुन्हा ठरत नाही, अशी त्या निकालाची भूमिका होती. आपल्या कायद्यात भुकेला अशी उघड सूट नाही. न्यायाधीश शिक्षा ठरवताना तिचा विचार करू शकतात, इतकेच.

किशोरवयीन मुलांचे कारण बहुधा वेगळे असते. मित्रांची पैज, पकडले न जाण्याची मजा, वर्गातील इतरांकडे असलेली आणि आपल्याकडे नसलेली वस्तू. प्रौढांकडे सबबी तयार असतात. सायक्स आणि मात्झा या अभ्यासकांनी १९५७ मध्ये अशा सबबींची मांडणी केली होती आणि ती आजही लागू पडते. ‘एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो’, ‘हे लोक तरी आपल्याला कुठे सोडतात’, ‘सगळेच करतात’ ही त्यांची मराठी रूपे आपण सारेच ऐकून आहोत.

फरक पडतो. १०० रुपयांच्या वस्तूवर ५ रुपये सुटत असतील, तर ती एक वस्तू गेल्यावर तिच्या खरेदीचे ९५ रुपये भरून काढण्यास तशाच आणखी १९ वस्तू विकाव्या लागतात. किराणा व्यापारात नफ्याचे प्रमाण असे तुटपुंजे असते. शिवाय काही ठिकाणी ही तूट काउंटरवरील नोकराच्या पगारातून कापली जाते. म्हणजे ‘श्रीमंत दुकानदाराचे’ म्हणून उचललेल्या डब्याचे पैसे महिन्याला मोजका पगार मिळवणारी एखादी मुलगी भरत असते.

आजार किती, ढोंग किती?

सुस्थितीतील कोणी पकडले गेले की ‘क्लेप्टोमेनिया’ हा शब्द लगेच पुढे येतो. हा आजार खरा आहे, पण दुर्मीळ आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार सर्वसाधारण लोकसंख्येत त्याचे प्रमाण ०.३ ते ०.६ टक्के आहे. उचलेगिरीसाठी अटक झालेल्यांत ते ४ ते २४ टक्के आढळते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया सुमारे तिप्पट असतात. चोरीपूर्वी वाढत जाणारा ताण, चोरी करताना सुटकेची भावना आणि नंतर तीव्र अपराधीपणा ही त्याची लक्षणे. वस्तूची गरज नसते, तिच्या किमतीचेही महत्त्व नसते. पुष्कळदा ती टाकून दिली जाते, कोणाला देऊन टाकली जाते किंवा गुपचूप परत ठेवली जाते. कट करून, साथीदार घेऊन, विकण्यासाठी चोरणारा या व्याख्येत बसत नाही.

समुपदेशन आणि वर्तनोपचार यांचा उपयोग होतो. नॅल्ट्रेक्सोन हे व्यसनमुक्तीत वापरले जाणारे औषध २५ रुग्णांवर तपासले गेले आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष आशादायक होते. अभ्यास लहान होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. उतारवयात प्रथमच असे वर्तन दिसले, तर स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांची शक्यता तपासावी लागते. घरचे लोक लाजेपोटी डॉक्टरकडे जात नाहीत आणि दर वेळी दुकानदाराला पैसे देऊन प्रकरण मिटवत राहतात, ही यातील सर्वात खेदाची बाब. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर याविषयी मराठीतूनही बोलता येते.

संशयाची जुनी खाते-वही

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः चोर ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. दुकानदाराच्या नजरेतून मात्र त्या अजून विमुक्त झालेल्या नाहीत. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या मराठवाड्यात एका जमातीचे नावच चोरीवरून पडते आणि मग शाळा, मजुरी, घर यांची दारे कशी बंद होतात, हे त्यातून मराठी वाचकांसमोर प्रथमच एवढ्या थेटपणे आले. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदावर बोट ठेवताना विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असेही बजावले. पेहराव पाहून एखाद्या बाईच्या मागे नोकर लावणारे दुकान तिच्याशेजारच्या चांगल्या कपड्यांतील ग्राहकाकडे पाठ करून उभे असते, हा व्यवहाराच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा आहे.

कायदा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरणाऱ्याला फाशी देता येत असे. एकोणिसाव्या शतकात ती तरतूद गेली. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून, तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षांची सक्तमजुरी. याच कलमात एक नवी वाट ठेवली आहे. माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला कारावासाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा द्यायची आहे. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र मानला जातो. म्हणजे पोलीस ठाण्यात ‘एनसी’ नोंदली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही.

गुंता पुढेच आहे. कलम ३०५ मध्ये माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीला सात वर्षांपर्यंत कारावास आहे आणि दुकान त्या वर्णनात बसू शकते. त्या कलमात ५,००० रुपयांची सवलत नाही. चारशे रुपयांच्या शाम्पूसाठी कोणते कलम लावायचे, यावर आरोपीचे पुढचे वर्ष अवलंबून राहते. संघटित टोळ्यांसाठी कलम ११२ आहे. त्यात एक ते सात वर्षे कारावासाची तरतूद असून चोरीच्या प्रकारांत शॉपलिफ्टिंगचा नावानिशी उल्लेख आहे. जुन्या दंडसंहितेत हा शब्दच नव्हता. याखेरीज १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय पहिल्या गुन्ह्यात समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. साध्या चोरीत मालाच्या मालकाला तडजोडही करता येते.

दुकानदाराने आपला माल परत मिळवण्यासाठी अडवणे कायद्याला मान्य आहे. मालमत्तेच्या बचावाचा हक्क त्याला आहे. पण माल हाती येताच तो हक्क संपतो. नंतरची प्रत्येक थप्पड हा दुकानदाराचा गुन्हा असतो. गोदामात कोंडून ठेवणे हाही गुन्हाच. अंगझडतीचा अधिकार दुकानाच्या नोकराला नाही आणि पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्री पोलिसामार्फतच, सभ्यता राखून घ्यावी लागते.

हे सांगावे लागते, कारण उलट घडल्याची उदाहरणे दूरची नाहीत. मे २०१७ मध्ये उल्हासनगरात चकलीचे पाकीट उचलल्याच्या आरोपावरून आठ-नऊ वर्षांच्या दोन मुलांचे केस कापून, गळ्यात चपलांची माळ घालून त्यांना विवस्त्र फिरवण्यात आले. चकलीची किंमत किती आणि अटक कोणाला झाली, याचा हिशेब वाचकांनीच करावा. केरळमधील अट्टप्पाडी येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानातून तांदूळ व खाण्याच्या वस्तू चोरल्याच्या संशयावरून मधू या आदिवासी तरुणाला जमावाने मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. एप्रिल २०२३ मध्ये १३ जणांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे शेळी व कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारण्यात आले. चोरी सिद्ध होण्याआधीच शिक्षा संपलेली असते, ती अशी.

अठरा वर्षांखालील मुलांचा प्रश्न तर पूर्णतः वेगळा. सात वर्षांखालील मुलाच्या कृतीला कायदा गुन्हाच मानत नाही. त्यापुढील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यास २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. सीसीटीव्हीतील चित्रफीत व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची अलीकडे पद्धतच पडली आहे. त्यात मूल ओळखू येत असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ती टाकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच रुपयांच्या चॉकलेटपायी दुकानदारच आरोपी व्हायचा!

सगळ्यांना सोडून द्या, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये ९५० डॉलरपर्यंतच्या चोरीची शिक्षा सौम्य करण्यात आली आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तेथील मतदारांनीच वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी ती पुन्हा कडक केली. पहिल्यांदा सापडलेला विद्यार्थी, आजारी गृहिणी, भुकेला मजूर आणि सराईत टोळी यांना एकाच काठीने हाकणे चूक आहे. पण दुकानदाराच्या नुकसानीकडे काणाडोळा करणेही तितकेच चूक. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते नव्या संहितेतील सामुदायिक सेवेची तरतूद योग्य दिशेची आहे. मात्र कोणत्या कामासाठी, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली पाठवायचे, हे ठरल्याशिवाय तालुका न्यायालयात तिचा उपयोग मर्यादितच राहील.

तोवर दुकानदाराच्या हाती साधे उपाय आहेत. महाग आणि खिशात मावणारा माल गल्ल्याजवळ ठेवावा. बस्त्याच्या वेळी एकावेळी किती साड्या गादीवर उलगडल्या, याची मोजणी एका नोकराकडे सोपवावी. आत येणाऱ्या प्रत्येकाला नोकराने ‘या, काय दाखवू?’ असे विचारावे. आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हे कळले की हौशी उचलेगिरीचा मोह ओसरतो आणि खऱ्या ग्राहकाला तर ते आवडतेच. संशय आल्यास चारचौघांत आरडाओरडा न करता बाजूला बोलावून ‘याचे बिल राहिले वाटते’ असे म्हणावे. विसरभोळ्या माणसाला त्याने अपमान वाटत नाही आणि चोराला वस्तू परत ठेवण्याची संधी मिळते. तरीही नकार आला, तर चित्रीकरण जपून ठेवावे, दोन साक्षीदारांची नावे लिहून घ्यावीत आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.